पेन्सिलीने लिहिलेलं 'किती काळजी करतो!'

ग्रंथघरवाली | ३ जून, रात्री १०:४०

डोंबिवलीत आमचं लहानसं वाचनालय आहे. एक गाळा आणि वर पोटमाळा. दिवाळी अंकांवर वर्षाचं भाडं निघतं, बाकीचे महिने चालतात ते आठवी ते बारावीच्या मुलींवर. त्या इंग्रजी पुस्तकं नेतात. आणि हो, अजूनही स्टेफनी मायरचं 'ट्वायलाइट' नेतात. पुस्तक २००५ सालचं, नेणाऱ्यांपैकी एकीचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता.

परवा त्या मालिकेतला तिसरा भाग, 'एक्लिप्स', परत आला. बाइंडिंग खिळखिळं झालंय म्हणून पानं मोजत बसले होते. वाचलं नसेल त्यांच्यासाठी: बेला अठराची, एडवर्ड दिसायला सतराचा पण खरं वय शंभरी ओलांडलेला व्हँपायर. एका प्रसंगात बेला जेकब नावाच्या मित्राला भेटायला निघते. ट्रक चालू होत नाही. बघते तर शेजारच्या सीटवर एडवर्ड, हातात इंजिनाचा एक सुटा भाग. तिने तिकडे जाऊ नये म्हणून काढलेला. उद्या शाळेच्या आधी बसवून देतो म्हणतो. ती चिडते, रात्री तो ज्या खिडकीतून येतो ती धाडकन लावून घेते. आणि थोड्या वेळाने आपणच उठून सताड उघडते.

त्या पानाच्या समासात पेन्सिलीने एक बदाम आणि 'किती काळजी करतो!!' असं लिहिलेलं. त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, निळ्या बॉलपेनने एक ओळ:

'माझे बाबा पण आईच्या स्कूटीची चावी लपवून ठेवतात.'

पुढे काही नाही. ही पहिलीची बाजू घेतेय की तिला खोडतेय, तेही कळत नाही.

पुस्तकात लिहिलं की मी दहा रुपये दंड घेते. हे पान मात्र मी नवऱ्यालाही दाखवलं नाही. दोन गोष्टींवर तुमचं मत हवंय. ही पुस्तकं ठेवावीत की काढावीत? आणि त्या निळ्या ओळीचं काय करू?

---

आरस्पानी | ३ जून, रात्री ११:१५

काढून टाका. माझी लेक नववीत आहे, तिच्या फोनवर 'आफ्टर' नावाची इंग्रजी प्रेमकादंबरी सापडली. लपून तीन-चार प्रकरणं वाचली. तो वस्तू फोडतो, ती रडते, तो गयावया करतो, ती विरघळते, की पुन्हा पहिल्यापासून. मी अ‍ॅप डिलीट केलं. दोन दिवसांनी कळलं की बाईसाहेब मैत्रिणीच्या फोनवर पुढचे भाग वाचतायत. म्हणजे माझं काय चुकलं ते माझं मलाच कळलं, पण निदान पैसे देऊन तरी हे घरात यायला नको.

---

मिसळसम्राट | ३ जून, रात्री ११:३२

शंभरीतला म्हातारा रात्री खिडकीतून पोरीच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना टक लावून बसतो. आमच्या चाळीत असता तर दुसऱ्या रात्री त्याचं स्वागत लाटण्यांनी झालं असतं. (हलके घ्या.)

---

सांजवेळ_१९ | ४ जून, सकाळी ९:०५

मी एकोणीस वर्षांची, त्यामुळे इथे बहुधा वयाने सगळ्यात लहान. २०२० मध्ये हीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून सांगणारं 'मिडनाइट सन' आलं. त्यात तो खिडकी करकरू नये म्हणून चक्क तेल घेऊन येतो. आम्ही मैत्रिणी ते मोठ्याने वाचून गडाबडा लोळलो होतो. आम्हाला कळतं हो. टिकटॉक २०२० मध्ये बंद झालं, पण पुस्तकांचे तेच व्हिडिओ आता रील्समध्ये दिसतात आणि त्याखाली सगळ्या 'रेड फ्लॅग, रेड फ्लॅग' (म्हणजे धोक्याची खूण) करत असतात. कुणीतरी लिहितंच, 'लाल माझा आवडता रंग आहे.' तो विनोद असतो. तुम्ही खलनायकाच्या मालिका बघता म्हणून घरी कुणाला विष घालता का?

---

आरस्पानी | ४ जून, सकाळी ९:४०

@सांजवेळ, विष घालणं वाईट हे मालिकेतही वाईटच असतं गं. इथे चावी लपवणारा हिरो आहे. फरक तिथे आहे.

---

सांजवेळ_१९ | ४ जून, सकाळी ९:५८

हं. हे मान्य. आणि एक खरं सांगते, तेल वाचून हसले तेव्हा मी बऱ्यापैकी मोठी होते. पहिलं पुस्तक तेराव्या वर्षी वाचलं तेव्हा हसले नव्हते. तेव्हा मी खिडकीकडे बघून झोपायचे.

---

बापू_सातारकर | ४ जून, दुपारी १:२०

ही सगळी परदेशी थेरं. आपल्याकडे मिलिंद बोकिलांनी 'शाळा' लिहिली. नववीतला जोशी आणि शिरोडकर. किती निर्मळ! तो नुसता तिच्या मागे मागे जातो, बोलायचं धाडस होत नाही. असं काही द्या मुलींच्या हातात.

---

ग्रंथघरवाली | ४ जून, दुपारी २:०५

बापू, 'शाळा' माझंही आवडतं, वाचनालयात दोन प्रती आहेत आणि दोन्ही कधी जागेवर नसतात. पण एक गंमत बघा. ती सगळी गोष्ट जोशीच्या डोळ्यांतून आहे. आपण त्याच्याबरोबर गल्ल्या फिरतो, त्याची धडधड आपली होते. शिरोडकरला मागून कुणीतरी येतंय हे कळतं तेव्हा काय वाटत असेल, हे त्या पुस्तकाच्या कक्षेतच नाही. जोशी निरागस आहे हे आपल्याला ठाऊक असतं, कारण आपण त्याच्या डोक्यात बसलेलो असतो. रस्त्यावरच्या मुलीला मागच्याच्या डोक्यात बसायची सोय नसते.

बोकिलांना दोष देत नाहीये. पण 'आपल्याकडचं निर्मळ आणि तिकडचं थेर' हे काही मला पटत नाही.

---

बापू_सातारकर | ४ जून, दुपारी २:३१

आता 'शाळा'सुद्धा सोडू नका! धन्य.

---

पानगळ | ४ जून, संध्याकाळी ६:१२

मूळ प्रश्नाकडे येऊया. मारहाण दाखवली म्हणून पुस्तक वाईट, असं म्हटलं तर चांगली पुस्तकं आधी जातील. मला वाटतं पाहायचं ते हे की जे घडतंय ते काय आहे, हे गोष्टीला स्वतःला कळलंय का?

'ट्वायलाइट'मध्येच सॅम आणि एमिली आहेत. सॅम लांडगा होतो, एकदा क्षणभर राग अनावर झाला आणि एमिली जवळ उभी होती. तिच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण. त्याच्या टोळीतली बाकीची मुलं बेलाला बजावतात की बघत राहू नकोस, सॅमला वाईट वाटतं. पुन्हा वाचा: व्रण तिच्या तोंडावर आणि जपायचं त्याला! लेखिका हे जोडपं आदर्श म्हणून दाखवते, तिची लेखणी कुठेही अडखळत नाही. मला एडवर्डच्या इंजिनापेक्षा हा परिच्छेद जास्त घातक वाटतो, कारण त्यावर कुणी समासात काही लिहीत नाही.

'एक्लिप्स'मध्ये आणखी एक आहे. एडवर्ड शिकारीला जातो तेव्हा बेलाला घराबाहेर पडू न देण्यासाठी बहिणीला पहाऱ्याला बसवतो आणि त्या कामाची लाच म्हणून तिला पिवळी पोर्शे देतो. प्रसंग विनोदी म्हणून लिहिलाय. थोडं पुढे त्याला चूक उमगते आणि तो तिला जेकबकडे जाऊ देतो, हेही सांगायला हवं. पण 'जाऊ देतो' हे क्रियापद तेवढं लक्षात घ्या.

आता याच्यासमोर सारा डेसनचं 'ड्रीमलँड' ठेवा. २००० सालचं, म्हणजे एडवर्डच्या आधीचं. केटलिनच्या सोळाव्या वाढदिवशी तिची हुशार मोठी बहीण घर सोडून जाते. आईबापाचं सगळं ध्यान त्या गेलेलीकडे. या पोकळीत रॉजरसन येतो. केटलिनला तो आवडतो कारण तो तिच्या बहिणीला शोभणारा नाही, तो फक्त तिचा आहे. मग ती घड्याळाकडे बघायला लागते. उशीर झाला तर काय होईल याचा हिशोब करत तिचा दिवस जातो. घर भरलेलं आहे, शेजारी प्रेमळ आहेत, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्या पुस्तकात मारणं कमी पानांत आहे, घड्याळ बघणं जास्त. शेवटी सगळ्यांसमोर ते उघडं पडतं तेव्हाही ती 'सुटले' म्हणत नाही. तिला उपचारकेंद्रात जावं लागतं आणि पुस्तक तिथेही घाई करत नाही.

वाचनालयात आहे का हे? नसेल तर मी माझी प्रत कुरिअर करते.

---

ग्रंथघरवाली | ४ जून, संध्याकाळी ६:५०

नाहीये. पाठवा, कुरिअरचे पैसे मी देते. ते घड्याळाचं वाचून मात्र पोटात कसंतरी झालं. गेल्या वर्षी बारावीची एक मुलगी पुस्तक निवडताना दर दोन मिनिटांनी फोन बघायची. मला वाटायचं क्लासची घाई.

---

निनावी_पाखरू | ४ जून, रात्री ११:५२

नवीन आयडी काढून लिहितेय, समजून घ्या.

अकरावीत होते, मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावी शिकायला, मावशीकडे राहायचे. क्लासमधला मुलगा. आधी छान होतं. मग 'पोचलीस की मिस कॉल दे.' मग 'कुठे आहेस, फोटो पाठव.' मग फोटोत मागे कोण आहे ते विचारणं. फेसबुकचा पासवर्ड मीच दिला, प्रेम आहे तर लपवायचं काय, असं मलाच वाटलं होतं. एकदा ओढणी धरून ओढलं, बसस्टँडच्या मागे. नंतर रडला, माझे पाय धरले. मला त्याची इतकी दया आली की मीच त्याला समजावत बसले.

मुद्दा हा की मी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी मराठी माध्यमाची. एडवर्ड मला माहीतही नव्हता. त्यामुळे 'पुस्तकांनी बिघडवलं' हे मला लागू होत नाही. मला बिघडवायला पुस्तक लागलंच नाही. पण दीडेक वर्ष जे चाललं होतं त्याला काय म्हणतात, हेही मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही. वाचनात जे होतं त्यात फास्टर फेणे होता आणि त्याला मैत्रीण नव्हती.

घरी का सांगितलं नाही, असं इथे कुणीतरी विचारणारच. मारतो हे सांगायचं तर आधी तो आहे हे सांगावं लागतं. ते सांगितलं असतं तर माझं शिक्षण बंद झालं असतं, त्याचं नाही. अमेरिकेतल्या गोष्टींमध्ये पोरगा दारावर बेल वाजवून घरात येतो, बापाशी बोलतो. आमच्याकडे तो बसस्टँडच्या मागेच असतो. मग बघणार कोण?

आता बरी आहे. दोन मुलं आहेत, नवरा चांगला आहे. एवढंच.

---

सांजवेळ_१९ | ५ जून, सकाळी ७:३०

ताई, वाचून गप्प झाले. काल मी 'आम्हाला कळतं' म्हणाले होते. पासवर्ड मीही दिला होता एकाला. तेव्हा आम्ही त्याला 'कपल गोल्स' म्हणायचो.

---

मिसळसम्राट | ५ जून, सकाळी ८:१०

माझा लाटण्याचा विनोद मागे घेतो. चाळीत सगळ्यांना सगळं माहीत असायचं आणि लाटणं कुणीच उचलायचं नाही, हे जास्त खरं आहे.

---

शाळेतली_मॅडम | ५ जून, दुपारी ४:१५

शाळेत समुपदेशनाचं काम करते. पाखरू, तू जे पाय धरण्याचं लिहिलंस त्याला आमच्याकडे नाव आहे. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांशी बोलून एक चक्र मांडलं: ताण साचतो, स्फोट होतो, मग मनधरणी आणि गोडवा. हे चक्र प्रत्येक ठिकाणी हुबेहूब असंच फिरतं असं नाही, त्यावर टीकाही झालीय, पण मुलींसमोर फळ्यावर काढलं की वर्गात शांतता पसरते.

यावरून 'आफ्टर'बद्दल एक सुचलं. अ‍ॅना टॉडने ते २०१३ पासून वॉटपॅड या गोष्टी लिहिण्या-वाचण्याच्या अ‍ॅपवर हप्त्याहप्त्याने लिहिलं, नायक मुळात एका गायकावरून, त्याच्या चाहतीने रंगवलेला. पुस्तक २०१४ मध्ये आलं. आता हप्त्याने लिहिणाऱ्याला काय लागतं? प्रत्येक हप्त्याच्या शेवटी वाचक टांगणीला. भांडण, तुटणं, मनधरणी, गोडवा, पुन्हा भांडण. म्हणजे मारकुट्या नात्याचं चक्र आणि चालू कादंबरीचं चक्र एकच निघालं! लेखिकेच्या मनात काही वाईट असायची गरजच नाही. आपल्या संध्याकाळच्या मालिका तरी दुसरं काय करतात? सुखाने नांदणारं जोडपं आठशे भाग चालत नाही.

त्यात नायकाने मित्रांशी पैज लावलेली असते, नायिकेचं कौमार्य घ्यायची. २०१९ च्या सिनेमात ते सौम्य करून प्रेमात पाडायचं आव्हान केलं. कुणाला तरी जाणवलं असणार. पण मूळ पुस्तक तसंच विकलं जातं.

@ग्रंथघरवाली, पुस्तकं काढू नका. शेल्फावरचं निदान तुम्हाला दिसतं.

---

लीड्सकर | ६ जून, रात्री १:४० (भारतीय वेळ)

इकडची गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये घरगुती हिंसेची सरकारी व्याख्या आधी अठरा वर्षांवरच्यांपुरती होती. २०१३ मध्ये ती सोळा-सतराच्या मुलांनाही लागू केली आणि त्यात नुसता मार नाही तर सततचं नियंत्रणही आणलं. २०१५ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये असं नियंत्रण हाच गुन्हा ठरला, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे गाडीचा भाग काढून ठेवणं, पहारा बसवणं, कुठे आहेस ते दर तासाला विचारणं हे सगळं मिळून आता इथे पोलिसांचा विषय होऊ शकतो. एडवर्ड अमेरिकेत राहतो हे त्याचं नशीब.

त्याआधी २०१० मध्ये किशोरांसाठी टीव्हीवर जाहिराती केल्या होत्या. मुलगा मैत्रिणीवर ओरडतोय आणि तोच मुलगा काचेपलीकडून स्वतःला बघतोय, काच बडवतोय. सगळं मुलींनाच का शिकवायचं, हा प्रश्न या धाग्यावरही कुणी विचारला नाही.

---

पानगळ | ६ जून, सकाळी १०:२०

लीड्सकर, रास्त. त्यासाठी अ‍ॅलेक्स फ्लिनचं 'ब्रीदिंग अंडरवॉटर' (२००१) आहे. सोळा वर्षांच्या निकने मैत्रिणीला मारलंय. न्यायाधीश त्याला तिच्यापासून लांब राहायचा आदेश देतात, समुपदेशनाच्या वर्गाला पाठवतात आणि आठवड्याला पाचशे शब्दांची डायरी लिहायला लावतात. पुस्तक म्हणजे बरंचसं ती डायरी. सुरुवातीला त्याचं सगळं बरोबरच वाटतं, कारण सांगणारा तोच. तिने गाऊ नये असं त्याला का वाटतं, तिला जाडी का म्हटलं, सगळ्याला त्याच्याकडे कारण आहे. मग त्याच कारणांचा वास यायला लागतो. घरी त्याचा बाप कसा आहे तेही कळतं, पण लेखिका ते सबब म्हणून वापरू देत नाही.

आठवीच्या मुलाला द्यायला मला याहून चांगलं माहीत नाही. अडचण एवढीच की मुलगे वाचनालयात येतात का?

---

ग्रंथघरवाली | ६ जून, सकाळी १०:४४

येतात, मांगा न्यायला. त्या जपानी चित्रकथा.

---

वकीलसाहेबा_कोल्हापूर | ६ जून, दुपारी ३:००

थोडक्यात कायदा, कारण निळी ओळ मला स्वस्थ बसू देत नाही. मुलगी नको म्हणत असताना पाठलाग करणं किंवा तिच्या फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणं हा आपल्याकडे २०१३ पासून गुन्हा आहे, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदाही येऊ शकतो, आणि त्याच धास्तीने कित्येक मुली तोंड उघडत नाहीत, हे पाखरूने लिहिलेलंच आहे.

पण निळ्या ओळीतला प्रश्न मुलीच्या प्रेमाचा नाहीच. तो तिच्या आईचा आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त मारासाठी नाही, मानसिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. एका लपवलेल्या चावीवर केस उभी राहत नाही. पण चावी सहसा एकटी नसते.

---

आरस्पानी | ६ जून, दुपारी ३:२५

रजिस्टरमध्ये नावं असतीलच ना? कुणी कुणी नेलं ते काढा आणि अक्षर ताडून बघा.

---

शाळेतली_मॅडम | ६ जून, दुपारी ३:३८

कृपया असं करू नका. ती समासात बोललीय कारण तिथे तिला नाव द्यावं लागलं नाही. तुम्ही शोधून काढलंत तर दुसऱ्यांदा ती कुठेच लिहिणार नाही. एक चिठ्ठी त्या पानात ठेवता येईल. १०९८ हा मुलांसाठीचा, १८१ महिलांसाठीचा. दोन्ही मोफत. भाषण नको, नुसते आकडे आणि कशासाठी ते.

---

बापू_सातारकर | ६ जून, रात्री ९:१०

दोन दिवस वाचतोय, लिहायचं टाळत होतो. बायकोला विचारलं, आपण कधी तुझी चावी लपवली का? म्हणाली, 'मला गाडी शिकूच दिली नाहीत, चावी कुठली लपवणार?' हसत म्हणाली. मी हसलो नाही. बाकी 'शाळा'बद्दल माझं मत बदललेलं नाही.

---

ग्रंथघरवाली | २१ जून, रात्री १०:०५

धागा वर काढतेय. 'ड्रीमलँड' पोचलं, कव्हर घालून शेल्फावर लावलं. पहिल्या आठवड्यात कुणी हात लावला नाही. मग मी ते 'ट्वायलाइट'च्या शेजारी सरकवलं, तर दुसऱ्या दिवशी गेलं. धंद्याची युक्ती, दुसरं काही नाही. 'ब्रीदिंग अंडरवॉटर' मागवलंय.

'एक्लिप्स' काढलं नाही. बाइंडिंग नवं केलं. बाइंडरकाका समास कापून पानं सारखी करून देतो म्हणाले, मी नको म्हटलं. पेन्सिल खोडली नाही, निळी ओळही नाही. त्या पानात चिठ्ठी ठेवली, दोन नंबर आणि खाली 'पुस्तकात लिहिल्याचा दंड माफ' एवढंच. रजिस्टर उघडलं नाही. एकदा उघडलं होतं, खरं सांगते, पण पान उलटायच्या आधी मिटलं.

मधल्या दिवसांत पुस्तक तिघींनी नेलं. दोनदा चिठ्ठी जागच्या जागी परत आली. आज तिसऱ्यांदा आलं तेव्हा पानात चिठ्ठी नव्हती. पडली असेल म्हणून काउंटरखाली पाहिलं, शेल्फामागे झाडू फिरवला. केरात एक मांगाचा बुकमार्क आणि रबरबँड निघाले.

दुसरी चिठ्ठी लिहून ठेवलीय.